एका छताखालची दीडशे वर्षे : महात्मा जोतिबा फुले मंडई आणि रत्नागिरीचा आंबा

मुंबईची महात्मा जोतिबा फुले मंडई १८६९ साली पूर्ण झाली. जुन्या पिढीच्या तोंडी ती क्रॉफर्ड मार्केट, आणि आमच्या बागायतदारांच्या बोलण्यात नुसते 'मार्केट'. दीडशे वर्षांचा टप्पा तिने २०१९ साली ओलांडला. त्या वाटचालीचे स्मरण म्हणून हा आढावा रत्नागिरीच्या बाजूने लिहिला आहे.

मुंबईच्या मंडईचा इतिहास रत्नागिरीकराने का लिहावा, याचे उत्तर आमच्या प्रत्येक जुन्या बागायतदाराच्या दप्तरात सापडेल. त्या दप्तरातल्या विक्रीच्या हिशोबाच्या पट्ट्या याच मंडईतून आलेल्या असत. कलमांना मोहोर किती आला, फळ किती धरले, यावर पिकाचा अंदाज बांधला जाई. पण वर्षाचा हिशोब लागे तो मंडईतला भाव कळल्यावर. मुलीचे लग्न, घराची कौले, मुलाचे मुंबईतले शिक्षण, सारे त्या पट्टीवर अवलंबून असे. मंडईची इमारत मुंबई महानगरपालिकेची आहे. तिच्यात चाललेला व्यवहार मात्र कोकणचा बागायतदार, खलाशी, हमाल, दलाल, गाळेधारक आणि गिऱ्हाईक अशा सर्वांनी मिळून उभा केला. म्हणून या लेखात मंडईला संस्था मानले आहे आणि तिचा इतिहास संस्थेच्या इतिहासासारखाच टप्प्याटप्प्याने मांडला आहे.

१८६० ते १८७० : स्थापनेचा काळ

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा आला, त्यामागोमाग माणसे आली. १८६४ च्या गणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांवर गेली. याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडून शहराला मोकळी जागा करून देण्यात आली. युद्ध संपताच १८६५ च्या उन्हाळ्यात कापसाचा भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या आणि सट्ट्यावर उभे राहिलेले वैभव ओसरले. वाढलेले शहर मात्र मागे राहिले आणि त्याला रोज ताजे अन्न लागत होते.

त्याच वर्षी नव्या कायद्याने मुंबईला पहिले म्युनिसिपल कमिशनर मिळाले, आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड. शहरातले बाजार तेव्हा अरुंद गल्ल्यांत भरत. भाजी, फळे, मांस, मासळी शेजारी शेजारी, वर ऊन आणि खाली चिखल. पटकीच्या साथी वारंवार येत. अन्नाचा बाजार स्वच्छ, हवेशीर आणि एका छताखाली असावा हा क्रॉफर्ड यांचा आग्रह होता. पॅरिसमध्ये लोखंड आणि काचेच्या मोठ्या मंडया त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या. मुंबईनेही तसे काही करावे असे ठरले आणि किल्ल्याच्या उत्तरेला, देशी वस्ती व गोऱ्यांची वस्ती यांच्या सीमेवरची जागा निवडण्यात आली. दोन्हीकडचे गिऱ्हाईक पायी येऊ शकेल अशी ती जागा होती आणि कर्नाक बंदरही हाकेच्या अंतरावर होते.

आराखडा केला विल्यम इमर्सन या तरुण वास्तुविशारदाने. आपले गुरू विल्यम बर्जेस यांनी जे. जे. कलाशाळेसाठी काढलेले नकाशे घेऊन तो मुंबईत आला होता. ती इमारत त्या नकाशांप्रमाणे झाली नाही, पण शाळेसमोरची मंडई इमर्सनच्या हातून झाली. पुढे कोलकात्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल उभारणारा हाच वास्तुविशारद. नॉर्मन आणि फ्लेमिश शैलींचा मेळ घालून त्याने दर्शनी भाग सजवला. कुर्ल्याचा पिवळसर खडबडीत दगड आणि वसईचा तांबडा दगड भिंतींना वापरला, तर फरशी स्कॉटलंडमधील केथनेसहून आणली. मध्यभागी मोठे दालन आणि त्यावर १२८ फूट उंचीचा घड्याळाचा मनोरा. उजव्या हाताचा १५० फूट लांब आणि १०० फूट रुंद भाग फळाफुलांसाठी. डाव्या हाताचा ३५० फूट लांब आणि १०० फूट रुंद भाग भाजीपाला, मसाले आणि इतर जिन्नसांसाठी. छप्पर सुमारे ५० फूट उंच आणि उजेड वरून यावा अशी रचना. दुपारीही आत गारवा राहावा आणि नासका माल लगेच नजरेस पडावा, हा त्यामागचा साधा विचार होता.

प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांची शिल्पे जे. जे. कलाशाळेचे अध्यापक जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या देखरेखीखाली घडली. आतल्या चौकातील कारंजे सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांच्या देणगीतून झाले. धान्य पिकवणारा माणूस बाजाराच्या दारावर कोरलेला असावा, ही कल्पना आज दीडशे वर्षांनंतरही आदराने आठवावी अशी आहे. दगड घडवणारे पाथरवट, चुना मळणारे बिगारी, लोखंडी कैच्या चढवणारे कारागीर यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. संस्थापकांच्या यादीत त्यांनाही मानाचे स्थान आहे, हे इथे नमूद केलेच पाहिजे.

मंडई पूर्ण झाली त्याच वर्षी, १८६९ च्या नोव्हेंबरात, सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईचे दिवस पुन्हा पालटू लागले.

१८७१ ते १८९० : कसोटीची वर्षे

क्रॉफर्ड यांनी शहरासाठी हात सैल सोडून खर्च केला. कर भरणाऱ्या नागरिकांनी त्याबद्दल जाब विचारला आणि १८७१ साली मोठी चळवळ झाली. तरुण फिरोजशहा मेहता यांनी त्या वादात क्रॉफर्ड यांच्या कामाची बाजू घेतली, पण त्याबरोबरच कारभारावर लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींचा अंकुश असावा असेही ठामपणे मांडले. त्यातून १८७२ चा कायदा आला आणि मुंबईला निवडून आलेली नगरपालिका मिळाली. मंडईचा कारभार तेव्हापासून लोकप्रतिनिधींच्या देखरेखीखाली आला. १८८८ च्या पालिका कायद्याने बाजारांच्या व्यवस्थेला जी चौकट दिली, ती आजही चालू आहे. त्या काळातल्या वादांचे व्रण केव्हाच बुजले. त्यातून उरली ती शिस्तीची परंपरा : नेमलेले गाळे, ठरलेले भाडे, रोजची सफाई आणि तपासणी.

१८७४ च्या मे महिन्यात घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि तिच्या वाटेवर मंडई आली. १८८२ साली इथे विजेचे दिवे लागले. भारतात विजेचा उजेड पाहणाऱ्या अगदी पहिल्या इमारतींत या मंडईची गणना होते. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने मंडई आणि काही रस्ते उजळण्याचा मक्ता घेतला होता. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आली. प्रयोग फसला तरी नवे काही करून पाहायचे तर ते मंडईत, हा पायंडा पडला.

रत्नागिरीहून येणारा माल त्या काळी समुद्रानेच येई. घाटवाटा अवघड होत्या आणि रेल्वे कोकणात नव्हती. मचव्यांतून आणि पुढे शेफर्ड कंपनीच्या आगबोटींतून करंड्या मुंबईला जात. किनाऱ्यावर धक्का नसेल तिथे पडावातून माल आगबोटीवर चढवावा लागे. राजिवडा, मिरकरवाडा, जयगड, पूर्णगड इथल्या दर्यावर्दी लोकांनी वाऱ्यापावसाचा अंदाज घेत ही वाहतूक जपली. बागायतदाराइतकाच या खलाशाचाही मंडईच्या घडणीत वाटा आहे. क्रॉफर्ड यांचा स्वतःचा कोकणाशी असलेला जिव्हाळाही सांगण्याजोगा आहे. १९०९ साली प्रसिद्ध झालेले कोकणच्या दंतकथांवरील इंग्रजी पुस्तक त्यांच्याच लेखणीतून उतरले.

१८९१ ते १९१० : साथ आणि सावरणे

१८९६ साली प्लेगची पहिली लागण मंडईपासून जवळच असलेल्या मांडवी भागात आढळली. लाखो लोकांनी मुंबई सोडली. गोदामे ओस पडली, बंदरांवर तपासण्या लागल्या आणि कोकणात चाकरमान्यांचे लोंढे परतले. अशा दिवसांत शहराला अन्न पुरवण्याचे काम मंडईतल्या व्यापाऱ्यांनी आणि हमालांनी चालू ठेवले. स्वच्छ फरशी, वाहते पाणी आणि हवेशीर छप्पर का हवे, याचे मोल शहराला त्या वर्षांत नव्याने कळले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि आसपासच्या दाट वस्तीतून रुंद रस्ते काढण्याचे काम सुरू झाले.

७ मे १९०७ या दिवशी मुंबईतली पहिली विजेची ट्राम पालिकेच्या कचेरीसमोरून निघाली आणि थेट क्रॉफर्ड मार्केटला आली. त्या सजवलेल्या गाडीच्या पहिल्या फेरीचा मुक्काम मंडई असावा, यातच शहराच्या नकाशावर तिचे स्थान काय होते ते कळते. गिरगाव, परळ, भायखळा इथले चाकरमानी आता थोड्या पैशांत मंडई गाठू लागले.

१९११ ते १९३० : विस्तार

पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई वाढली, माल टंचाईने येऊ लागला, तरी मंडईचा व्याप कमी झाला नाही. युद्धानंतर मुंबईची वस्ती उत्तरेकडे सरकू लागली. १५ जुलै १९२६ रोजी शहरातली पहिली बस धावली ती अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. विजेचे दिवे, विजेची ट्राम आणि मोटारबस या तिन्ही नव्या गोष्टींच्या पहिल्या पानावर या मंडईचे नाव लिहिलेले आहे.

फळबाजाराचे देशव्यापी रूप याच काळात आकाराला आले. नागपूरची संत्री, पुण्याची अंजिरे, खानदेशची केळी, काश्मीरची सफरचंदे, मस्कत आणि बसऱ्याचा खजूर अशा दूरदूरच्या मालाला एकच छप्पर मिळाले. चैत्र-वैशाखात मात्र राज्य हापूसचे असे. सावंतवाडी, मालवण, देवगडपासून रत्नागिरी, पावस, गणपतीपुळे, जयगडपर्यंतचा माल मंडईत येई आणि प्रत्येक बाजूच्या मालाला स्वतःची ओळख असे. देठाजवळचा रंग, सालीची जाडी आणि वास यांवरून फळ कुठल्या बागेतले ते सांगणारे जाणकार व्यापारी मंडईत होते. बागेचे नाव हीच खूण आणि व्यापाऱ्याचा शब्द हाच करार. कागदावर फारसे काही नसे, तरी हंगामाअखेर पट्टी येई आणि तीत आडत, हमाली, तोलाई, भाडे वजा होऊन जी रक्कम उरे ती मनीऑर्डरने किंवा जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाच्या हाती पोचे.

भाव ठरवण्याची रीतही जुनी. विकणारा आणि घेणारा यांचे हात रुमालाखाली जात, बोटांच्या खुणांनी सौदा होई आणि शेजाऱ्याला आकडा कळत नसे. या पद्धतीबद्दल बागायतदारांनी वेळोवेळी नापसंती बोलून दाखवली. व्यापाऱ्यांनीही आपली बाजू मांडली. मतभेद झाले, पण एकमेकांशिवाय दोघांचेही चालणार नव्हते हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणूनच संबंध पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

१९३१ ते १९५० : चळवळ, युद्ध आणि स्वातंत्र्य

स्वातंत्र्य चळवळीच्या धामधुमीत मंडईच्या चारी बाजूंचे रस्ते मिरवणुका, हरताळ आणि लाठीमार पाहत होते. हरताळाच्या हाकेला मंडईतला व्यापारी आणि कामगार साथ देत असे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशनिंग आले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा भरलेल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि मंडईच्या पूर्वेकडचा बंदर परिसर व गोदामे आगीच्या तडाख्यात सापडली. तो आंब्याच्या हंगामाचा काळ होता. बंदराची घडी विस्कटली तरी कोकणचा माल कुठल्या ना कुठल्या धक्क्यावर उतरत राहिला.

१७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' आगबोट बुडाली आणि कोकणातल्या अनेक घरांवर दुःखाचा डोंगर कोसळला. समुद्रावर भरवसा ठेवून चाललेल्या आमच्या वाहतुकीची ही जोखीम होती. दर वर्षी पावसाळा लागला की रत्नागिरीकडच्या आगबोटी बंद होत. म्हणून उशिरा पिकणारा आंबा वेळेत मंडईत पोचवण्यासाठी बागायतदाराची मे महिन्याच्या अखेरीस जीवघेणी घाई चाले.

स्वातंत्र्यानंतर मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. नावामागचा विचार मोठा आहे. जोतीरावांचे घराणे फुलांच्या व्यवसायातले, त्यांनी स्वतः शेती केली आणि 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथातून शेतकऱ्याची लूट कशी होते ते निर्भीडपणे मांडले. 'महात्मा' ही पदवीही त्यांना मे १८८८ मध्ये याच मांडवीच्या परिसरात झालेल्या सभेत मिळाली. शेतमालाच्या देशातल्या एका प्रमुख बाजाराला त्यांचे नाव असणे योग्यच आहे. मंडईच्या प्रत्येक सौद्यात पिकवणाऱ्याचा न्याय्य वाटा त्याच्या हाती पडला पाहिजे, ही जबाबदारी या नावाने मंडईवर टाकली. मंडईच्या कोपऱ्यावर मिळणाऱ्या दोन रस्त्यांची नावेही बदलली. हॉर्नबी रोड दादाभाई नौरोजींच्या नावे झाला, तर कर्नाक रोडला रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे नाव मिळाले.

१९५१ ते १९७० : ट्रक, कामगार आणि कायदा

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले. मुंबई–गोवा रस्ता सुधारत गेला आणि आंब्याची वाहतूक हळूहळू समुद्राकडून रस्त्याकडे वळली. संध्याकाळी रत्नागिरीत भरलेला ट्रक पहाटे मंडईच्या दारात उभा राहू लागला. करंडीची जागा लाकडी पेटीने घेतली. पेटीत भाताचा पेंढा, त्यात थरावर थर लावलेली फळे, वर बागेचे नाव. पेट्या बनवण्याचा, पेंढा पुरवण्याचा, फळे निवडण्याचा आणि भरण्याचा रोजगार कोकणातल्या गावागावांत पसरला. आंबे निवडणाऱ्या आणि पेट्या भरणाऱ्या बायाबापड्यांच्या हातांना फळाची जी पारख होती, तिच्यावर मंडईतला भाव उभा असे.

मंडईच्या दुसऱ्या टोकाला होते हमाल आणि पाटीवाले. पहाटेच्या अंधारात ट्रक रिकामे करणे, डोक्यावरून पेट्या गाळ्यापर्यंत नेणे, विकलेला माल पुन्हा हातगाडीवर चढवणे हे काम त्यांचे. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या या कष्टकऱ्यांना ना ठरलेला पगार होता ना सुट्टी. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार संघटित झाले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. माथाडी मंडळे, भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय सोय आणि नोंदणी या गोष्टी त्यातून मिळाल्या. मंडईची शताब्दी आणि हा कायदा एकाच वर्षी यावेत, हा सुंदर योग होय.

त्याआधी १९६३ साली राज्याने शेतमाल पणन नियमनाचा कायदा केला होता. बाजार समित्यांचे युग त्यातून सुरू झाले. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची ट्राम बंद झाली आणि सत्तावन्न वर्षे मंडईसमोरून धावणाऱ्या विजेच्या ट्रामचा खडखडाट थांबला.

१९७१ ते १९९० : गर्दीचा कळस आणि नव्या वाटा

या दोन दशकांत घाऊक फळबाजार शिगेला पोचला. मे महिन्यात मंडईभोवतीचे रस्ते ट्रक आणि हातगाड्यांनी भरून जात, जागा अपुरी पडे आणि माल उतरण्यासाठी तासन्‌तास थांबावे लागे. १८६९ साली आठ लाख वस्तीसाठी बांधलेल्या छताखाली आता कित्येक पटींनी मोठे शहर जेवत होते. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली आणि घाऊक बाजार नवी मुंबईत हलवण्याचे धोरण ठरले. कांदा-बटाटा १९८१ साली वाशीला गेला.

कोकणातही मोठे बदल होत होते. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झाले आणि कलमे, खते, कीडरोग, काढणी या विषयांत शास्त्रीय सल्ला बागायतदाराला मिळू लागला. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला. गिरणी संपाने १९८२ साली गिरणगावातील हजारो कोकणी कुटुंबांची रोजीरोटी हिरावली आणि अनेक जण गावाकडे परतले. त्यानंतर १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. कातळावर सुरुंग लावून खड्डे खणले गेले, माती भरली गेली, पाण्याची सोय झाली आणि नव्या बागा उभ्या राहिल्या. माल वाढला. तो सगळा एका जुन्या मंडईत मावणे आता शक्य नव्हते.

१९९१ ते २००० : घाऊक बाजाराचे स्थलांतर

१९९६ साली घाऊक फळ आणि भाजी बाजार वाशीला गेला. फुले मंडईच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उलथापालथ होती. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ इथे चाललेला घाऊक सौदा थांबला. काही व्यापारी पेढीसह वाशीला गेले, काहींनी जुन्या गाळ्यात किरकोळ विक्री चालू ठेवली. माथाडी बांधवांनी नव्या जागेत आपले बस्तान बसवले. हे सारे सोपे नव्हते. जाणारे आणि राहणारे दोघांनीही समजूतदारपणे वाट काढली, हे संस्थेच्या इतिहासात कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे.

घाऊक बाजार गेल्यावर मंडई ओस पडेल असे अनेकांना वाटले होते. तसे झाले नाही. निवडक फळे, सुका मेवा, मसाले, परदेशी जिन्नस, केक-बिस्किटांचे साहित्य, सणावाराची खरेदी यांचे ती माहेरघर राहिली. गणपतीला गावी निघालेला चाकरमानी आजही मंडई, मंगलदास मार्केट, लोहार चाळ आणि अब्दुल रहमान स्ट्रीट अशी फेरी करूनच गाडी पकडतो. ती गाडीही आता थेट रत्नागिरीला जाते, कारण १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला.

१९९५ साली मुंबईसाठी वारसा इमारतींची नियमावली आली आणि मंडईच्या इमारतीला संरक्षण मिळाले. १९९९ साली हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स हा मॉल उघडला आणि मुंबईत वातानुकूलित मॉलचे युग सुरू झाले. त्या प्रकारच्या बंदिस्त मॉलचा आरंभ अमेरिकेतला. मिनेसोटातील साउथडेल सेंटर १९५६ साली उघडले, ते या पद्धतीचे पहिले मानले जाते. ऊन, पाऊस, धूळ बाहेर ठेवून एका छताखाली सर्व काही देण्याची कल्पना फुले मंडईने त्याच्या सत्त्याऐंशी वर्षे आधी मुंबईत राबवली होती. अमेरिकेत गेल्या काही दशकांत अनेक मॉल बंद पडले. ज्या बाजाराला गिऱ्हाईकाशिवाय दुसरे नाते नव्हते, त्याचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळताच त्याचे दिवस संपले. फुले मंडई घाऊक व्यवहार गेल्यावरही उभी राहिली, कारण तिच्या मागे पिकवणाऱ्यांची, वाहणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची साखळी होती.

२००१ ते आजपर्यंत : जतन आणि नूतनीकरण

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मंडईच्या जागेचा पुनर्विकास कसा व्हावा यावर बरीच चर्चा झाली. उंच व्यापारी संकुलाच्या कल्पनेला वारसाप्रेमी नागरिक आणि मंडईशी नाते असलेल्या अनेकांनी हरकत घेतली. अखेर जुनी इमारत जपून टप्प्याटप्प्याने नूतनीकरण करण्याचा मार्ग महापालिकेने स्वीकारला. दगडी दर्शनी भाग, मनोरा आणि शिल्पे यांची डागडुजी झाली आणि गाळेधारकांसाठी आवारात नव्या बांधकामाची सोय झाली. हा निर्णय शहराच्या शहाणपणाचा आहे, असे आम्ही मानतो.

आंब्याच्या बाजूनेही हा काळ घडामोडींचा ठरला. २००७ साली अमेरिकेची दारे भारतीय आंब्याला पुन्हा उघडली. लासलगावच्या केंद्रात विकिरण प्रक्रिया करून फळे रवाना झाली. २०१४ साली युरोपीय संघाने घातलेली बंदी पुढच्या वर्षी उठली. २०१६ साली राज्याने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले आणि बागायतदाराला थेट विक्रीची वाट मिळाली. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२० च्या टाळेबंदीत बाजार अडले, तेव्हा अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांच्या दारात पेट्या पोचवल्या. त्या वर्षीच्या निसर्ग आणि पुढच्या वर्षीच्या तौक्ते चक्रीवादळाने बागांचे मोठे नुकसान केले, तरी नव्याने कलमे लावणारे हात थकले नाहीत.

आज मंडईत हापूसच्या नावाने काय काय विकले जाते, हा प्रश्न रत्नागिरीकराच्या जिव्हाळ्याचा आहे. परप्रांतातून येणारा सारख्या दिसणाऱ्या जातींचा आंबा कोकणच्या नावावर खपवला जाऊ नये यासाठीच मानांकन मिळवले. जुन्या काळी फळाच्या देठावरून बाग ओळखणारी माणसे होती. त्यांची जागा आता नोंदणी, खूणपट्टी आणि प्रामाणिक गाळेधारक यांनी घ्यायला हवी.

ऋणनिर्देश आणि आवाहन

दीडशे वर्षांत मंडईने राजवट बदललेली पाहिली, नाव बदललेले पाहिले, घाऊक बाजार येताना आणि जाताना पाहिला. आराखडा काढणारे, पैसा देणारे, दगड घडवणारे, दर्यावर्दी, ट्रकचालक, हमाल, माथाडी, झाडूवाले, निरीक्षक, दलाल, गाळेधारक, पेट्या भरणाऱ्या भगिनी आणि कातळावर कलम जगवणारे बागायतदार या सर्वांचे हे संचित आहे. कोणा एकाचे नाव घेऊन बाकीच्यांना विसरणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल.

बागायतदार बंधूंना आमची विनंती आहे की, आपल्या घरातल्या जुन्या पट्ट्या, पत्रे, पेट्यांवरचे छापील कागद आणि छायाचित्रे फेकू नका. ती जपा, त्यांच्या प्रती काढून ठेवा. मंडईचा आणि आंब्याचा खरा इतिहास त्या कागदांत आहे. गाळेधारकांना आवाहन आहे की, कोकणचा हापूस विकताना मानांकनाची नोंद पाहून, फळ कुठल्या जिल्ह्यातले ते गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगून विका. आणि महानगरपालिकेकडे मागणी आहे की, महात्मा फुल्यांच्या नावाच्या या मंडईत आंब्याच्या हंगामात नोंदणीकृत शेतकरी आणि त्यांच्या सहकारी संस्थांसाठी काही गाळे दर वर्षी राखून ठेवावेत. दारावर कोरलेल्या शेतकऱ्याला आत हक्काची जागा मिळाली पाहिजे.